‘छान आहे’ हे मोजायचं कसं? स्क्रीनच्या देखणेपणाची घरगुती चाचणी

दांडिया बाजारातल्या एका काकूंच्या दिवाळी फराळाच्या ऑर्डरसाठी मी फोनवर दिसणाऱ्या पानाचे दोन नमुने, म्हणजे दोन स्क्रीन, करून नेले होते. एक पांढरा, मोकळा, तो ‘अ’. दुसरा केशरी पट्ट्यांचा, भरगच्च, तो ‘ब’. काकूंनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाजवळ धरून दोन्ही पाहिले आणि म्हणाल्या, “छान आहे गं.” मी विचारलं, कुठला? “दोन्ही छान आहेत. चहा टाकू ना?” शेजारच्या बेन डोकावल्या, त्यांनीही मान डोलावली, “सरस छे.”

आमच्या बडोद्यात घरी आलेल्या माणसाच्या कामाला तोंडावर नावं ठेवत नाहीत. ‘छान आहे’ हा पाहुणचाराचाच भाग, चहाबरोबर मिळतो. त्यावर विसंबून डिझाइन ठरवलं की दोन महिन्यांनी कळतं, लोकांनी स्क्रीन उघडला आणि बंद केला. म्हणून या कामात नवे असाल तर ‘आवडलं का?’ हा प्रश्न आजच वहीतून खोडा. त्याच्या जागी काय विचारायचं, कोणाला, किती वेळ दाखवून, आणि आलेल्या उत्तरांचं काय करायचं, ते खाली पायरीपायरीने सांगते. एक फोन, एक लॅपटॉप, वीसेक माणसं आणि दोन संध्याकाळी एवढं भांडवल पुरतं.

पहिली पायरी: सुंदर आणि सोपं वेगळं करा

१९९५ साली जपानमध्ये मासाआकी कुरोसु आणि काओरी काशिमुरा यांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ जणांना दाखवल्या. बटणं तीच, आकडे तेच, जागा तेवढ्या बदललेल्या. प्रत्येक मांडणी किती सुंदर वाटते आणि वापरायला किती सोपी वाटते, असे दोन प्रश्न विचारले. लोकांना जी सुंदर वाटली तीच सोपीही वाटली. ती खरोखर सोपी होती का, याचा त्या उत्तराशी फारच कमी संबंध निघाला. इस्रायलमधल्या नोआम ट्रॅक्टिन्स्की यांना वाटलं, हे जपानी सौंदर्यदृष्टीमुळे असेल, आमच्याकडे असं निघणार नाही. त्यांनी तोच प्रयोग आपल्या देशात केला, निष्कर्ष १९९७ साली छापले. नातं आणखी घट्ट निघालं होतं.

आपल्यापुरता अर्थ असा, की देखणेपणा सगळीकडे सांडतो. माणसाला आधी ऑर्डर द्यायला लावून मग ‘दिसायला कसा आहे?’ विचारलंत तर पेमेंट अडकल्याचा राग रंगांवर निघेल. आणि देखणा स्क्रीन दाखवून ‘सोपा आहे का?’ विचारलंत तर हो म्हणतील, मग बटण सापडेना का. देखणेपणाची चाचणी आधी, स्क्रीनला बोट लावू न देता. वापराची चाचणी नंतर, शक्य तर दुसऱ्या माणसांवर.

कागदाच्या माथ्यावर एक वाक्य लिहा. माझं असं होतं: ‘चाळिशीपुढच्या, घरी मराठी बोलणाऱ्या, फोनवरून फराळ मागवणाऱ्या बायकांना पहिल्या नजरेत अ आणि ब यांतला कुठला देखणा वाटतो?’ कोण, किती वेळ, कशाच्या तुलनेत, हे तिन्ही त्यात हवं. वाक्य जमत नसेल तर चाचणी पुढे ढकला.

दुसरी पायरी: नमुने एका मापाचे करा

इथे मी स्वतः सपशेल आपटले आहे, म्हणून जरा रेंगाळते.

काकूंच्या ‘अ’ स्क्रीनवर मी चकलीचा फोटो टाकला होता, खरपूस रंगाची, काटे अगदी टोकदार. ‘ब’वर घाईत लाडवांचा फोटो गेला, तोही ट्यूबलाइटखाली काढलेला. चौदा बायकांना विचारलं. बहुतेक जणींनी ‘अ’ निवडला आणि मी आपली खूश, मोकळी मांडणी जिंकली म्हणून. शेवटच्या मावशींना सहज विचारलं, का आवडला हो? “चकली बघ ना कशी झालीये! भाजणी घरचीच असणार.” मांडणीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. चौदा जणींची मेहनत एका चकलीने खाल्ली.

तेव्हापासून नियम केला: जे मोजायचं तेवढंच वेगळं, बाकी सगळं तंतोतंत सारखं. फोटो तोच, मजकूर तोच, किंमती त्याच. मांडणी तपासत असाल तर रंगही तेच ठेवा. मजकूर खरा हवा, ‘इथे मजकूर येईल’ छापाची भरताड नको, कारण ‘अनारसे (अर्धा किलो)’ आणि ‘शेव’ यांना लागणारी जागा वेगळी असते आणि मांडणी नेमकी तिथेच कोसळते.

दाखवायचं एकाच फोनवर, एकाच उजेडात. डोळ्यांना आराम म्हणून रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय बंद करा, उजळपणा आपोआप बदलणारी सोयही बंद करा. आणि स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवरून पाठवून ‘कसा वाटतो सांगा’ असं करू नका. तिथे चित्र दाबलं जातं, आणि प्रत्येकीचा फोन निराळा. कुणाच्या स्क्रीनगार्डला तर साताऱ्याच्या नकाशासारख्या भेगा असतात.

बडोद्यात आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे लिपी. इथे बहुतेक कामं मराठी आणि गुजराती अशी दोन्ही करावी लागतात. मराठी शब्दाला शिरोरेषा असते, गुजरातीला नसते. तीच मांडणी दोन्ही लिप्यांत ठेवून डोळे किलकिले करून पाहा. मराठी मथळा एका जाड आडव्या पट्टीसारखा दिसतो, ओळीखाली ओळ आली की वहीच्या रेघा आखल्यासारखं होतं. गुजराती मथळा सुट्या मण्यांसारखा विखुरतो. त्यामुळे गुजरातीत मोकळी वाटणारी यादी मराठीत गच्च वाटू शकते. शिवाय आपल्या वेलांट्या, मात्रा वर जातात आणि उकार खाली उतरतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून कमी ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसू शकतो. मराठी आणि गुजराती स्क्रीन हे दोन वेगळे नमुने धरा. एकाचा निकाल दुसऱ्याला लावू नका.

तिसरी पायरी: माणसं शोधा

१९५० पासून या शहरात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे. डोळा तयार असलेली माणसं इथे चहाच्या टपरीवरही भेटतात. मोह होतो, पण फराळाच्या स्क्रीनसाठी नेमकी तीच नकोत. त्यांना अक्षरांतली हवा दिसते, काकूंच्या गिऱ्हाइकांना दिसत नाही. घरच्यांनाही नको, ते प्रेमापोटी खोटं बोलतात.

आणि स्वतःला तर मुळीच विचारू नका. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेसमोर आली तरी ती आवडायला लागते. तुम्ही तुमचा स्क्रीन चारशे वेळा पाहिलाय. तुमचं मत तिथेच बाद.

किती जण? वापरातल्या अडचणी शोधायला पाच-सहा माणसं पुरतात, असं तुम्ही ऐकलं असेल. ते त्या कामापुरतं ठीक. पसंती मोजायला पाच जण म्हणजे काहीच नाही. वीस तरी हवेत, तीस मिळाले तर उत्तम.

चौथी पायरी: झटकन दाखवा, लगेच झाका

२००६ साली कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात गिट्टे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना वेबसाइटची पानं फक्त ५० मिलिसेकंद दाखवली. एवढ्यात पापणीसुद्धा लवून होत नाही. तरी त्या पानांना मिळालेले गुण आणि अर्धा सेकंद दाखवून मिळालेले गुण खूपच जुळले. म्हणजे पहिलं मत वाचण्याआधीच तयार होतं.

घरगुती चाचणीत ५० मिलिसेकंदांच्या नादी लागू नका, लॅपटॉपचा भरवसा नसतो. अर्धा सेकंद ठीक. सादरीकरणाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये स्लाइड आपोआप पुढे जायची वेळ लावता येते. आधी मधोमध अधिकचं चिन्ह असलेली कोरी स्लाइड, नजर जागेवर यायला. मग अर्धा सेकंद स्क्रीन. मग करडी स्लाइड. ती आली की माणसाने एक ते सातमध्ये गुण सांगायचे, तुम्ही लिहायचे. पुढचा स्क्रीन.

सुरुवातीला दोन-तीन भलतेच स्क्रीन सरावासाठी दाखवा आणि त्यांचे गुण टाकून द्या. पहिल्या वस्तूला गुण देताना सगळेच चाचपडतात. क्रम प्रत्येकासाठी वेगळा ठेवा. तीन-चार फाइली आधीच बनवून ठेवल्या की झालं. आणि माझी आवडती युक्ती, एक स्क्रीन मुद्दाम दोनदा घाला, आठवण राहू नये इतक्या अंतराने. ज्या माणसाने त्याच स्क्रीनला एकदा सहा आणि एकदा दोन दिले, त्याचं मन त्या दिवशी दुसरीकडे होतं. त्याच्या नावापुढे फुली.

पाचवी पायरी: जोड्या लावा

गुणांचा त्रास हा की कुणी हात सैल सोडून देतो, कुणी शाळेतल्या गणिताच्या मास्तरांसारखा देतो. तुलना मात्र सगळ्यांना जमते. भाजीवाल्याकडे दोन वांग्यांतलं एक उचलताना कुणी गुण देत नाही. सौंदर्य मोजायच्या शास्त्राची सुरुवातही अशीच झाली. जर्मनीतल्या गुस्टाव फेख्नर यांनी एकोणिसाव्या शतकात लोकांसमोर वेगवेगळ्या प्रमाणांचे दहा आयत मांडले आणि त्यातला सगळ्यांत देखणा निवडायला लावला. पुढे १९२७ साली लुई थर्स्टन यांनी दोन-दोनच्या तुलनेवरून क्रमवारीची मोजपट्टी कशी बनवायची, त्याचं गणित मांडलं.

करायचं असं. दोन स्क्रीन शेजारी शेजारी. ‘कुठला जास्त देखणा?’ एवढंच. ‘दोन्ही सारखे’ हे उत्तर घ्यायचंच नाही, नाहीतर पाहुणचार परत आत शिरतो. निम्म्या जणांना अ डावीकडे, निम्म्यांना उजवीकडे. तीन स्क्रीन असतील तर तीन जोड्या, चार असतील तर सहा, पाच असतील तर दहा. त्यापुढे माणूस कंटाळतो आणि काहीही बोट दाखवतो.

आता निकाल. समजा वीस जणांत अ-ला १२, ब-ला ८. अ जिंकला? नाही. नाणं वीस वेळा उडवलं तरी १२–८ सर्रास पडतं. वीसपैकी १५ किंवा जास्त एका बाजूला पडणं नाण्याला कठीण जातं, शंभर खेपांत चारेक वेळाच. म्हणून माझ्या वहीच्या मागच्या पानावर चार ओळी कायमच्या लिहिलेल्या आहेत: १० जणांत ९, २० जणांत १५, ३० जणांत २१, ४० जणांत २७. एवढी मतं मिळाली तर ‘हा जास्त देखणा’ म्हणायचं, त्याहून कमी असतील तर ‘फरक दिसला नाही’. हे दुसरं वाक्य गिऱ्हाइकाला सांगायला जड जातं, पण तोही निकालच आहे. देखणेपणात फरक नसेल तर लवकर उघडणारा, मोठ्या अक्षरांचा स्क्रीन डोळे झाकून निवडता येतो.

कधी गंमत होते. अ हा ब-पेक्षा देखणा, ब हा क-पेक्षा, आणि क मात्र अ-पेक्षा! एखाद्याचंच असं आलं तर सोडून द्या. अनेकांचं आलं तर समजा की लोक प्रत्येक जोडीत वेगळ्याच गोष्टीकडे बघताहेत, एकदा रंगांकडे, एकदा मोकळेपणाकडे. मग पुढची पायरी लागते.

सहावी पायरी: शब्द विचारा, आपले शब्द

जोडी सांगते कुठला, का ते सांगत नाही. त्यासाठी प्रश्नावल्या आहेत. मोर्टेन मोशागेन आणि माइनाल्ड थील्श यांनी २०१० साली वेबसाइटच्या देखणेपणासाठी अठरा विधानांची प्रश्नावली केली. तिचे चार भाग: साधेपणा, वैविध्य, रंग आणि कारागिरी. नंतर त्यांनी चार विधानांची छोटी आवृत्तीही काढली. त्याआधी, २००४ साली, तालिया लावी आणि ट्रॅक्टिन्स्की यांनी दोनच कप्पे केले होते. एक अभिजात, म्हणजे नेटकं, स्वच्छ, समतोल. दुसरा भावप्रकट, म्हणजे कल्पक, वेगळं, लक्षवेधी.

विभागणी उत्तम आहे, पण मराठीत शब्दशः उतरवली की काकूंच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटतं. ‘या मांडणीत सर्जनशील वैविध्य आहे’ यावर काय बोलणार? आपल्या भाषेत याच गोष्टींसाठी रोजचे शब्द पडलेत. मी एका कागदावर जोड्या मांडते, मध्ये सात चौकटी: नेटका–पसारा झालेला, सुबक–ओबडधोबड, भडक–फिका, भरगच्च–रिकामा, ठसठशीत–मिळमिळीत, नेहमीचा–आगळा. साडी बघताना बायका हेच शब्द वापरतात, समजवावे लागत नाहीत. भडक–फिका आणि भरगच्च–रिकामा यांत कुठलंच टोक चांगलं नाही हे ध्यानात ठेवा. तिथे मधली चौकट म्हणजे कौतुक असू शकतं.

असा घरगुती कागद तुमच्याच स्क्रीनची आपापसात तुलना करायला चालतो. छापलेल्या प्रश्नावलीच्या गुणांशी तो ताडून पाहू नका.

सातवी पायरी: माणसांशिवाय काय मोजता येतं

अमेरिकन गणिती जॉर्ज बर्कॉफ यांनी १९३३ साली सौंदर्याचं सूत्रच दिलं होतं: सुव्यवस्था भागिले गुंतागुंत. बहुभुज आकृत्यांना त्यांनी असे गुण दिले आणि चौरस पहिला आला. मला हे सूत्र कधी पटलं नाही, कारण त्या हिशेबाने कोरा स्क्रीन सर्वांत सुंदर ठरायला हवा. डॅनियल बर्लाइन यांनी १९७१ मध्ये मांडलेलं म्हणणं जास्त मुरलेलं आहे: गुंतागुंत वाढते तशी गोडी वाढते, एका टप्प्यापर्यंत, मग उतरते. मात्र तो टप्पा वेळेवरही अवलंबून असावा असं मला वाटतं. आमच्या तांबेकर वाड्यातल्या भिंती एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरून गेल्यात, बोटभर जागा रिकामी दिसत नाही, तरी तिथे तास निघून जातो. तितकीच दाटी फोनवर केली तर अर्ध्या सेकंदात अंगावर येते.

गुंतागुंतीचा एक कामचलाऊ आकडा फुकट मिळतो. स्क्रीनशॉट एकाच आकारात, एकाच दर्जाच्या जेपेग म्हणून साठवा आणि फाइल किती केबीची झाली ते पाहा. कडा, फोटो, बारीक अक्षरं जास्त, तर फाइल जड. रंगीतपणासाठी डेव्हिड हासलर आणि साबिने झ्युसस्ट्रुंक यांचं २००३ चं सूत्र आहे. प्रत्येक ठिपक्याच्या लालमधून हिरवा वजा करायचा, लाल-हिरव्याच्या सरासरीतून निळा वजा करायचा, आणि या दोन्हींचा विखुरलेपणा व सरासरी यांवरून एक आकडा काढायचा. प्रोग्रॅमिंग येणाऱ्या भाच्याला दहा मिनिटांचं काम. त्यांच्या मोजपट्टीवर १५ च्या आसपास म्हणजे किंचित रंगीत, ५९ म्हणजे बऱ्यापैकी, १०९ म्हणजे डोळे दिपवणारं. ती पट्टी फोटोंवरून बनवलेली आहे, तेव्हा स्क्रीनसाठी फक्त आपसांत तुलनेला वापरा.

या दोन आकड्यांत दम आहे. काथारिना रायनेके आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की रंगीतपणा आणि गुंतागुंत, जोडीला बघणाऱ्याचं वय आणि शिक्षण, यांवरून वेबसाइटबद्दलच्या पहिल्या मतांतला साधारण निम्मा फरक उलगडतो.  पुढच्याच वर्षी त्यांनी जवळजवळ ४०,००० लोकांच्या उत्तरांवरून मांडलं की वय, शिक्षण, देश बदलला की आवडणारी दाटी आणि रंग बदलतात.

हाताने मोजायचं असेल तर स्क्रीनशॉटची छापील प्रत घ्या आणि पट्टी ठेवून डाव्या कडा मोजा. मजकूर, फोटो, बटणं किती वेगवेगळ्या उभ्या रेषांवरून सुरू होतात? काकूंच्या ‘ब’वर सात निघाल्या. तीनवर आणल्या, केशरी पट्टे तसेच ठेवून, आणि पुढच्या खेपेला ‘पसारा’कडे झुकणाऱ्या खुणा कमी झाल्या. अक्षरांचे आकार किती, रंग किती, तेही असंच मोजा.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांतल्या उजळपणाचं प्रमाण ४.५ ला १ तरी हवं, हा सुगम्यतेचा, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही वाचता यावं यासाठीचा नियम आहे, देखणेपणाचा नाही. दोन्हीची गल्लत होते. फिकट करडी अक्षरं जोड्यांत बरेचदा जिंकतात आणि मग मोतीबिंदूवाल्या आजींना किंमत दिसत नाही. ही अट आधी पार करा, नापास स्क्रीन चाचणीत घेऊच नका.

आठवी पायरी: सरासरीच्या आधी ठिपके

सातपैकी चार सरासरी दोन तऱ्हांनी येते. सगळ्यांनी चार दिले, किंवा निम्म्यांनी एक आणि निम्म्यांनी सात. पहिला स्क्रीन कुणाच्या लक्षात राहणार नाही. दुसऱ्यावर घरात भांडणं होतील. दोन्हींना ‘चार’ म्हणणं म्हणजे अर्धं आंबट आणि अर्धं गोड वरण ढवळून ‘चवीला बरं’ म्हणणं. म्हणून आधी कागदावर एक ते सात आखा, प्रत्येक उत्तराचा ठिपका द्या आणि ढीग कुठे पडतात ते बघा. दोन ढीग पडले तर ठिपके दोन शाईंनी काढा, पन्नाशीच्या आतले निळे, पुढचे लाल. भाषेनुसारही करून पाहा.

काकूंची चाचणी मी नव्याने केली, दोन्हीकडे तीच चकली ठेवून, वीस जणींवर. ११–९. फरक दिसला नाही. काकूंना तसं सांगितलं तर म्हणाल्या, “मग मी काय म्हणत होते? दोन्ही छान आहेत!” आम्ही मोठ्या अक्षरांचा ठेवला. वहीत तारीख, फोन, उजळपणा, कुणाला डावीकडे काय दाखवलं आणि दोन्ही स्क्रीनशॉट चिकटवून ठेवलेत, कारण गुढीपाडव्याला श्रीखंडाची ऑर्डर सुरू होईल तेव्हा फोटो बदलणार, आणि मोजणी पुन्हा दुसऱ्या पायरीपासून.